पाचवं नाव

आरमोरी, २९ जून

मनकर्णा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायले घेशील. फाड, पण वाचून फाड. फोनवर तर तू मले बंद करून ठेवलं आहेस, म्हणून टपालानं येऊन राह्यली. टपालवाल्याले कोणी पायरीवरून हाकलत नाई.

तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला असं ऐकलं. म्हणजे हे तुले तुझी नात रंजीताच वाचून दाखवणार. म्हणून जपून लिहिते आहे. रंजीता बेटा, जिथी अडशील तिथी थांब, पाणी पी, मग पुढं वाच.

शाळा उघडली. माझ्याकडे शाळेच्या ड्रेसच्या मापाचे दिवस आहेत, तुले तर ठाऊकच. पोट्टे हात पसरून, तोंड भिंतीकडे करून उभे राहतात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत नाई, फितीकडे पाहते. त्यामुळं की काय, मायबापाले जे सांगत नाई ते मले सांगून टाकतात.

परवा स्वाती नावाची पोरगी आली. सिरोंचाकडची. बापाची बदली झाली म्हणून नववीत नवीन नाव टाकलं. बोलता बोलता मधात तेलुगू येते तिच्या. गळ्याचं माप घ्यायले फीत टाकली, तर ती मागं सरकली.

"आजी, मले हात नका लावू. तुमच्यावर येते."

"काय येते वो?"

"माझं. जो हात लावल त्याच्यावर येते. मग त्यानं ते दुसऱ्याले पुसून द्यावं लागते."

मी तिथीच स्टुलावर बसली. रंजीतासोबत दीड वर्ष चालला तो हाच खेळ. तेव्हा सगळे म्हणत होते, मानेवर पांढरा डाग आहे ना, लेकरं घाबरतात. या स्वातीच्या अंगावर तर तीळ सोडून काई नाई. म्हणजे डागाचं काई नव्हतंच. रंजीताले तू कोरपन्याले घेऊन गेलीस, जागा खाली झाली, त्याइनं भरून काढली.

ती उंच कॉलर माझीच अक्कल होती. डाग झाकला जाईल म्हणून मी रंजीताच्या ड्रेसले दोन बोटं उंच कॉलर लावली, बटणासकट. साऱ्या वर्गात तशी एकटीची. मी मायेनं केलं आणि त्याइले दुरून ओळखायची खूण करून दिली. फेब्रुवारीत तू तीच कॉलर मुठीत धरून माझ्या दुकानात आलीस. चार जणांनी शाळेमागं धरून ती काढून घेतली म्हणालीस. मी तुले काय म्हटलं, तुले याद आहे. तू मले काय म्हटलं, ते मी इथी लिहीत नाई. चाळीस वर्षं एका मशीनीवर दोघींनी पाय मारले, आणि मी तुले पायरीखाली उतरवलं.

आता ऐक. त्या चौघाइले मी सोडणार नाई. माफी नको मले त्याइची. माफी मागून पोट्टे क्रिकेट खेळायले जातात. मले त्याइले चारचौघात मान खाली घालून उभं पाहायचं आहे, जसं रंजीताले त्याइनं उभं केलं. माझं वय झालं, अल्लाहचं नाव घ्यायचे दिवस आहेत. घेईन मागून.

सुलताना


आरमोरी, १३ जुलै

मनकर्णा,

उत्तर नाई आलं. मी त्याची वाट पाहत नव्हती, पण टपालवाला दिसला की मशीन थांबते.

मापाच्या वहीत मी आता नवीन काम सुरू केलं. छाती, कंबर, उंची, आणि त्याच्या बाजूले पोट्टं काय बोललं ते. सहावीतली एक म्हणाली, स्वाती ज्या नळावर पाणी पिते त्या नळावर कोणी जात नाई. आठवीतला एक म्हणाला, "मी पण पुसतो आजी. नाई पुसलं तर माझ्यावरच राहते ना." त्याच्या बाहीची लांबी मी दोनदा चुकली.

खिचडी शिजवणारी रीनाबाई येऊन गेली. तिनं पाहिलं ते सांगितलं. स्वातीनं घेतलेली थाळी बाकीचे पोट्टे पायानं सरकवतात. "मी ओरडली तर मोठे सर म्हणते, रीनाबाई, तुम्ही खिचडीकडे लक्ष द्या." तिच्या डोळ्यात आग होती. मले ती बाई फार आवडली.

मी गेली मोठ्या सरांकडे. त्यांनी चहा मागवला. "आपा, लेकराइचा खेळ आहे. आपण मोठ्यांनी त्यात पडलं की वाढते." मी चहा तसाच ठेवून उठली. साय धरलेला चहा पाहत बसले असतील बिचारे.

नावं सांगते. पहिला प्रफुल, हेमराज राईस मिलवाल्याचा. हेमराजभाऊ शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणून सरांच्या चहात एवढी साखर. दुसरे दोघं प्रफुलचे शेपूट. तो हसला की हसतात. चौथं नाव अजून पक्कं नाई.

खरी गंमत पुढं आहे. पंधरा ऑगस्टले तालुक्याच्या मैदानावर आपल्या शाळेची लेझीम आहे. अठ्ठेचाळीस पोट्टे, त्याइचे कपडे माझ्याकडे. निळं धोतर, पिवळा कुर्ता, पोरींले निळं नऊवार शिवलेलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर लेझीमवाली संघप्रिया दहाबारा जणांले घेऊन दुकानात आली. रंजीताच्याच वर्गातली ती, बौद्ध मोहल्ल्यातली, उंच. तुले आठवत असल, बोलताना कमरेवर हात ठेवते.

"आजी, आमी लेझीम नाई खेळणार."

"काऊन?"

"रंजीता गेली तवा आमी चूप बसलो. आता स्वाती. सर काई करत नाई, तर आमी मैदानावर जाऊनच नाई राह्यलो. आधी पालकसभा घ्या, म्हणा. ज्यानं ज्यानं केलं त्यानं उठून बोलावं."

मागून एक बारका बोलला, "अन् आमच्या घरी मार पडल त्याचं काय?"

"तुले तर तसाही पडते," संघप्रिया म्हणाली. सगळे हसले.

मनकर्णा, मले कितीतरी दिवसांनी जेवणाची भूक लागली. मी म्हटलं, पोट्टेहो, तुम्ही कशाले मार खाता. कपडेच नसले तर लेझीम कशी होईल? माझ्याकडे पेटी आहे, पेटीले कुलूप आहे. सभा होईपर्यंत एक कुर्ता बाहेर येत नाई. दुसऱ्या दिवशी रीनाबाईनं पाच गल्ल्यांतल्या बायांच्या सह्या आणि अंगठे आणून दिले. खाली शेतावरच्या बाया, वर आमच्या मोहल्ल्यातल्या तबस्सुमपर्यंत. रोवणीचे दिवस, चिखलाच्या हातानं अंगठे दिले त्याइनं. कागद मळला, पण तसाच सरांच्या टेबलावर ठेवला.

सर कागद बोटानं उचलत होते ते मी डोळे भरून पाहिलं.

सुलताना


आरमोरी, ३० जुलै

मनकर्णा,

आज हेमराजभाऊ स्वतः दुकानात आले. छत्री बाहेर झटकली, स्टूल ओढून बसले.

"आपा, लेझीमचे कपडे झाले म्हणते."

"झाले. अठ्ठेचाळीसही."

"मग द्या ना. पोट्टे वाट पाहून राह्यले."

"पोट्टेच म्हणते नका देऊ."

ते हसले. "पोट्ट्याइचं काय घेऊन बसल्या. आमचा प्रफुल मस्तीखोर आहे, मले मालूम. घरी दोन लावतो त्याले."

"घरी नाई. सभेत. रंजीताचं नाव घेऊन."

"ठीक आहे. घेतो सभा." असं म्हणून त्यांनी माझ्या मशीनीवरचा एक कुर्ता उचलला, उलटा केला, काज पाहिले. "सुंदर काज. हे कोणी केले?"

मी मशीनीत दोरा ओवू लागली.

"सभेत चौघंही उभे करा मग. तिघंच काऊन? प्रफुलनं मले चौथं नाव सांगितलं आपा. तुमच्याच मशीनीवर बसून काज करते ती." कुर्ता नीट घडी करून परत ठेवला. "नाईतर असं करा. कपडे देऊन टाका. पंधरा ऑगस्ट होऊ द्या. चारही नावं तुमच्या माझ्यात राहतीन. पोरीची जात आहे, उद्या लग्न आहे तिचं."

गेले ते.

मनकर्णा, मागच्या पत्रात मी लिहिलं की चौथं नाव पक्कं नाई. खोटं लिहिलं. रंजीता बेटा, हे तू वाचून राह्यलीस तर वाच. तुझ्यापासून लपवून आता कोणाचं भलं होणार आहे?

तू फेब्रुवारीत म्हटलं होतं, सुलताना, त्याइच्यात तुझी मदीहा होती. आणि मी म्हटलं, तुझ्या पोरीचं झाकायले मी कॉलर दिली, आता माझ्या पोरीच्या तोंडाले काळं फासते का. असंच म्हटलं ना? तू ती कॉलर माझ्या अंगावर टाकून गेलीस.

तू पायऱ्या उतरायच्या आधीच मले कळलं होतं.

ओढून फाडलं तर कापड जाते, टीप राहते. माझी टीप तर बैलानं ओढली तरी जात नाई. त्या कॉलरचं कापड शाबूत होतं. एकेक टाका उचलून कापलेला, डावीकडून उजवीकडे, धागा न ओढता. त्याच्यासाठी टाके उसवायचं ते काट्याच्या तोंडाचं बारकं हत्यार लागते आणि ते चालवायले बसलेला हात लागते. मदीहा सात वर्षांची होती तेव्हा मी तिच्या बोटावर बोट ठेवून शिकवलं होतं. कापडाले इजा नको, बेटा, नुसता टाका उचल.

तिघांनी धरलं आणि तिनं उसवलं. एवढी कॉलर उसवायले, हात कितीही चलाख असला, चार मिनिटं लागतात. चार मिनिटं रंजीता उभी होती.

त्या दिवशी मी मदीहाले एक शब्द नाई विचारला. तिले जेवायले वाढलं. ते हत्यार तेवढं उचलून मी दुसऱ्या डब्यात ठेवलं, बटणांच्या खाली. बस, एवढंच केलं मी. आणि पाच महिने मनातल्या मनात प्रफुलले शिव्या देत राहिली.

आज तिले समोर बसवलं. म्हटलं, "काऊन केलं?"

"नाई केलं असतं तर माझ्यावर आलं असतं, दादी." डोळ्यात पाणी नाई, काई नाई. "प्रफुल म्हणे, तूच कर, तुले येते ना. रंजीता माझ्यासोबत बसत होती, म्हणून आधी मलेच पुसत होते ते."

तिच्या अब्बूले, मुजफ्फरले सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, कपडे देऊन टाका. हात जोडतो."

आता सांग मी काय करू. नको, सांगू नको. तुले विचारायचं तोंड नाई मले.

सुलताना


आरमोरी, १० ऑगस्ट

मनकर्णा,

कपडे नाई दिले. सभा शुक्रवारी झाली.

शाळेच्या मोठ्या खोलीत पाय ठेवायले जागा नव्हती. रोवणी सोडून बाया आल्या, पोटऱ्यांवरचा चिखल वाळलेला. आमच्या मोहल्ल्यातले मन्सूरभाई आले, बौद्ध मोहल्ल्यातले म्हातारे काठी टेकत आले. समोर खुर्चीवर हेमराजभाऊ, बाजूले मोठे सर, घामाघूम.

सर म्हणाले, "ज्यांना काही बोलायचे आहे त्यांनी..."

त्यांचं पूर्ण व्हायच्या आधी संघप्रिया उठली. "मी रंजीताले हात लागला की भिंतीले पुसत होती. मी पाचसहा वेळा पुसलं." आणि खाली नाई बसली, उभीच राहिली. मग तिच्या मागचा उठला. मग तो मार खाणारा बारका. एकेक करून उठले, मनकर्णा, तीस बत्तीस पोट्टे, आणि कोणी खाली बसेना. कोणाच्या आईनं पदर ओढला, तरी उभे. मले वाटलं होतं चौघंच उभे राहतीन आणि बाकीची खोली त्याइच्याकडे पाहील. इथी तर बसून राहिलेलेच वेगळे दिसू लागले. प्रफुल बसून होता. बापाकडे पाहत होता.

"ऊठ ना गा," मागून कोणीतरी बाई म्हणाली. "का मिलमधून हमाल बोलवू उचलायले?"

उठला. कान लाल. "मी सुरू केलं," म्हणाला, आणि रंजीताचं नाव घेतलं. दोघं शेपूटही उठले. खरं सांगते, ते पाहून मले असं थंड वाटलं जसं उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं. अजून थोडं पाहिजे होतं मले.

मग हेमराजभाऊ म्हणाले, "आपा, तीनच झाले."

मी मदीहाचा हात धरला आणि समोर घेऊन गेली. म्हटलं, चौथी ही. माझी नात. कॉलर हिनं उसवली. मुजफ्फर दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला.

मदीहानं सगळं सांगितलं, कोण कुठी उभं होतं, कोणी तोंड दाबलं होतं. काई सोडलं नाई. मले वाटलं संपलं. तर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दादीले तवाच मालूम होतं. दादीनं कॉलर पाहिली अन् ते हत्यार लपवून ठेवलं. रंजीताची आजी खोटं बोलते म्हणून दादीनं सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं."

हे शेवटचं मी तुले लिहिलं नव्हतं. होय, सांगितलं होतं मी. नळावर, शादीत, दुकानात. मनकर्णाचं डोकं फिरलं म्हणून. तू गाव सोडलं ते नुसतं शाळेपायी नाई सोडलं.

मदीहा रागानं बोलली. माझ्यासारखीच आहे ती, सूड घेते तर पूर्ण घेते. साऱ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं. मी जो दिवस चौघांसाठी शिवून ठेवला होता, तो माझ्या अंगावर बरोबर बसला.

मी म्हटलं, खरं आहे. पाचवं नाव माझं लिहा.

रीनाबाई माझ्या बाजूले बसली होती. ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

सुलताना


आरमोरी, १९ ऑगस्ट

मनकर्णा, रंजीता,

सभेनंतरच्या सोमवारी प्रार्थनेच्या आधी पोट्ट्याइनं रांग लावली. एकेकानं जाऊन स्वातीचा हात हातात घेतला आणि तसाच वर्गात गेला. कोणी भिंतीले लावला नाई, कोणी पँटीले पुसला नाई. रीनाबाईनं स्वयंपाकघरातून पाहिलं, आणि मले नाई, तबस्सुमले सांगितलं. मले तबस्सुमकडून कळलं. आता असंच आहे.

सभा झाली, म्हणून मी पेटी उघडून संघप्रियाले बोलावणं धाडलं. ती आली, पायरीच्या खालीच उभी राहिली.

"आजी, तुमचे कपडे आमी नाई घालणार. सगळ्याइनं ठरवलं."

मी काऊन म्हणून विचारलं नाई. ती जाताना म्हणाली, "शिवण चांगली आहे, आजी. तसं काई नाई." एवढी चांगली पोरगी.

पंधरा ऑगस्टले शाळेच्या विटक्या ड्रेसवर लेझीम झाली. बाकी शाळा रंगीबेरंगी. मी तारेच्या कुंपणाबाहेरून पाहिली. स्वाती पहिल्या रांगेत होती, पावलं चुकत होती, संघप्रिया तिले डोळ्यानं सांगत होती. मदीहाले त्याइनं संघात नाई घेतलं. ती माझ्या बाजूले उभी होती, आम्ही दोघी बोलत नाई. मुजफ्फर वेगळी चूल म्हणतो आहे. हे सगळं बरोबर आहे. मोजून पाहिलं तर एकाही टाक्याले नाव ठेवायले जागा नाई.

फक्त प्रफुल सुटला. हेमराजभाऊनं त्याले सोळा तारखेले नागपूरच्या शाळेत टाकलं, वसतिगृहासकट. तिथी त्याले कोणी ओळखत नाई. तो तिथी हसत असल, नवीन शेपूट गोळा करत असल. आमच्या मदीहाले पाठवायले कुठी नागपूर आहे? तिले रोज त्याच वर्गात जाऊन त्याच बाकावर बसायचं आहे.

मले झोप येईना. मी त्या शाळेचा पत्ता मिळवला. तिथल्या मुख्याध्यापकाले पत्र लिहिलं, प्रफुलनं काय केलं, कोणासोबत, किती दिवस. काई वाढवून नाई लिहिलं, वाढवायची गरजच नव्हती. त्याच्या वर्गातल्या पोट्ट्याइलेही कळावं, म्हणून हे वर्गात वाचून दाखवा असं खाली लिहिलं. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. टपालपेटीजवळ संघप्रिया भेटली. पत्ता वाचला तिनं.

"आजी, हे तिथी पोचलं तर तिथले पोट्टे त्याले रंजीता बनवतीन."

"मले तेच पाहिजे."

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "पण मले नाई पाहिजे." आणि सायकल घेऊन गेली.

मी पाकीट टाकलं नाई. तिच्या बोलण्यानं मी सुधारली असं समजू नका. मले अजूनही त्याले भिंतीशी एकटा उभा पाहायचा आहे, आणि मी मरेपर्यंत ते जाणार नाई. पण हात पेटीत गेला तेव्हा मनात आलं, हा सूड माझा कुठी आहे? रंजीताचा आहे. मी एकदा तिची कॉलर शिवली, तिले न विचारता. मग तिचा गुन्हेगार लपवला, तिले न विचारता. मग तिच्या नावानं सभा भरवली, तेव्हाही कोणी कोरपन्याले विचारायले आलं नाई.

म्हणून, रंजीता, ते पाकीट याच्यासोबत आहे. चिकटवलेलं आहे, तिकीट लावलेलं आहे, पत्ता बरोबर आहे. तुमच्या कोरपन्यातही लाल पेटी असल. टाकायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव. आजीले विचारू नको, ती माझ्या बाजूची तर नाईच, पण तुझ्या प्रेमात आंधळी आहे.

मी मागून विचारणार नाई. यानंतर पत्रही लिहिणार नाई. नागपूरहून काई ऐकू आलं तर समजेन, नाई आलं तरी समजेन.

सुलताना